भिंत मागायला गेलेले पाळक

१ जानेवारी १८०२ रोजी वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या दारात एक चीज येऊन उभं राहिलं. उभं राहिलं असंच म्हणायला हवं, कारण त्याचं वजन होतं १२३५ पौंड, म्हणजे साडेपाच क्विंटलच्या वर. मॅसॅच्युसेट्समधल्या चेशायर नावाच्या खेड्यातल्या शेतकऱ्यांनी घरोघरचं दूध एकत्र करून ते बनवलं होतं. एवढं मोठं चीज दाबायचं कशात? मग सफरचंदाचा रस काढायचं दाबयंत्रच कामाला लावलं. गावचे पाळक जॉन लेलंड ते घेऊन निघाले. बर्फातून घसरगाडी, पाण्यातून गलबत, असा शेकडो मैलांचा प्रवास. वाटेत माणसं चीज बघायला जमत आणि लेलंड त्यांना प्रवचन ऐकवत. विरोधी फेडरलिस्ट पक्षाच्या एकाही गाईचं दूध यात नाही, हेही आवर्जून सांगत. गाईंनाही पक्ष असतो, हे अमेरिकेत तेव्हाच ठरलेलं दिसतं.

लेलंड बाप्टिस्ट होते. मॅसॅच्युसेट्समध्ये तेव्हा काँग्रिगेशनल पंथाच्या चर्चला सरकारी मान होता आणि त्या पाळकांच्या पगारासाठी लोकांकडून कर घेतला जाई. बाप्टिस्टांना सूट होती, पण ती मिळवायची तर दाखले आणायचे, अधिकाऱ्यांपुढे उभं राहायचं, आणि दाखला नाकारला गेला तर वसुलीला माणूस घरी. व्हर्जिनियात तर १७७०च्या सुमारास परवाना न घेता प्रवचन दिलं म्हणून बाप्टिस्ट पाळकांना तुरुंगात टाकत. लेलंड यांची उमेदीची वर्षं त्याच व्हर्जिनियात गेली होती. तिथे जेफरसन यांनी लिहिलेला आणि जेम्स मॅडिसन यांनी नेटाने मंजूर करून घेतलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा १७८६ साली आला, तेव्हा त्याच्यामागे उभे राहिलेल्यांत हे बाप्टिस्टच होते. जेफरसन स्वतः चमत्कारांवर विश्वास न ठेवणारा माणूस. न्यू इंग्लंडमधले प्रतिष्ठित धर्मगुरू त्याला सरळ नास्तिक म्हणत. त्याच्या दारात एक कडवा भाविक चीज घेऊन उभा राहिला, तो या कायद्याचे उपकार स्मरून.

त्याच दिवशी जेफरसन यांनी एका पत्रावर सही केली. कनेटिकटमधल्या डॅनबरी परिसरातल्या बाप्टिस्ट मंडळींनी आपल्यावरच्या अन्यायाबद्दल त्यांना लिहिलं होतं, त्याचं हे उत्तर. चर्च आणि राज्यसंस्था यांच्यामधल्या भिंतीची जी कल्पना पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वारंवार उचलून धरली, ती या पत्रातली. आणि दोनच दिवसांनी, रविवारी, लेलंड यांनी थेट प्रतिनिधिगृहाच्या सभागृहात प्रवचन दिलं. ऐकायला जेफरसन हजर होते. म्हणजे भिंत मागणाऱ्याला तोंड बंद ठेवायचं नव्हतं, आणि भिंत बांधणाऱ्यालाही त्याचं तोंड बंद करायचं नव्हतं. धर्माच्या नावाने कर, परवाना आणि तुरुंग एवढंच त्यांना हद्दपार करायचं होतं.

आज अमेरिकेत 'ख्रिस्ती राष्ट्रवाद' हा शब्द रोज ऐकू येतो आणि त्यावर तितकीच भांडणं होतात. म्हणून ही जुनी गोष्ट आधी सांगितली. या भांडणात एका बाजूला भाविक आणि दुसऱ्या बाजूला निधर्मी, असं चित्र लांबून दिसतं. जवळ गेलं की कळतं, ख्रिस्ती राष्ट्रवादाला सर्वांत जुना आणि सर्वांत चिवट विरोध चर्चच्या आतूनच झालेला आहे.

ख्रिस्ती राष्ट्रवाद म्हणजे काय, हे आधी नीट समजून घ्यायला हवं. ख्रिस्ती माणसाने देशावर प्रेम करणं म्हणजे ख्रिस्ती राष्ट्रवाद नव्हे. ख्रिस्ती माणसाने आपल्या श्रद्धेतून राजकारणात उतरणं, मतदान करणं, मोर्चा काढणं, हाही नव्हे. तसं असतं तर मार्टिन ल्यूथर किंग यांचं नाव त्या यादीत सर्वांत वर टाकावं लागलं असतं. अमेरिका ख्रिस्ती लोकांनी ख्रिस्ती लोकांसाठी स्थापन केली, देवाने तिला खास निवडलं, आणि म्हणून कायदा, शाळा, सैन्य आणि सरकार यांनी ख्रिस्ती धर्माला, त्यातही एका विशिष्ट प्रकारच्या ख्रिस्ती धर्माला, अग्रमान द्यावा, या समजुतीला ते नाव आहे. खरा अमेरिकन कोण, या प्रश्नाचं उत्तर तिच्यात आधीच ठरलेलं असतं. बाकीचे राहू शकतात, पण पाहुणे म्हणून.

वाचकाच्या मनात इथे काही समांतर रेषा उमटतील. त्या ज्याच्या त्याने ओढाव्यात. मी विषय अमेरिकेतच ठेवतो.

प्यू संशोधन केंद्राने २०२२ मध्ये विचारलं, तेव्हा ४५ टक्के अमेरिकनांनी सांगितलं की देश 'ख्रिस्ती राष्ट्र' असायला हवा. आकडा मोठा वाटतो. पण त्याच पाहणीत असं म्हणणाऱ्यांतल्या निम्म्याहून थोड्या जास्त लोकांनी सरकारने कुठलाही धर्म अधिकृत म्हणून कधीही जाहीर करू नये, असंही सांगितलं. त्यांतल्या अनेकांच्या मनात ख्रिस्ती राष्ट्र म्हणजे प्रामाणिक, दयाळू, एकमेकांना धरून असणारी माणसं, एवढंच होतं. आणखी गंमत अशी की निम्म्याहून जास्त अमेरिकनांनी 'ख्रिस्ती राष्ट्रवाद' हा शब्दच ऐकलेला नव्हता. पुढच्या वर्षी पीआरआरआय या संस्थेने पाच विधानं लोकांपुढे ठेवून केलेली मोजणी प्रसिद्ध केली. तेव्हा १० टक्के लोक पक्के अनुयायी आणि १९ टक्के सहानुभूती असलेले निघाले. म्हणजे दहातले तीन. उरलेल्या सातांत साशंक आणि साफ नाकारणारे.

चर्चमध्ये या विषयावर बोलायला उठणाऱ्या पाळकाला हे आकडे फार कामाचे आहेत. समोरच्या बाकावर बसलेली आजी 'आपला देश ख्रिस्ती आहे' म्हणते, तेव्हा ती कुठल्या टोळीची सभासद असेलच असं नाही. बहुधा ती लहानपणी शाळेत ऐकलेलं बोलत असते. तिला नाव ठेवून सुरुवात केली की संवाद तिथेच संपतो. अँड्र्यू व्हाइटहेड आणि सॅम्युअल पेरी या समाजशास्त्रज्ञांनी २०२० साली या विषयावर पुस्तक लिहिलं. त्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. प्रार्थना, उपासनेला जाणं, पवित्र शास्त्र वाचणं ही वैयक्तिक धार्मिकता आणि ख्रिस्ती राष्ट्रवाद या दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या, तर अनेक सामाजिक प्रश्नांवर त्या माणसाला उलट्या दिशांना ओढतात. मात्र म्हणून ही सगळी चर्चबाहेरच्यांची भानगड आहे असं म्हणून हात झटकता येत नाहीत. पीआरआरआयच्या मोजणीत अनुयायी मंडळी इतरांपेक्षा उपासनेला जास्त नियमित जाणारी निघाली. म्हणजे व्यासपीठावरून काय सांगितलं जातं आणि काय टाळलं जातं, याने फरक पडतो.

अभ्यासमंडळं बहुतेकदा इतिहासापासून सुरू होतात, आणि ते शहाणपणाचं आहे. कारण ख्रिस्ती राष्ट्रवादाची सगळी भिस्त एका आठवणीवर असते, आणि ती आठवण तपासता येते. 'इथे सुरुवातीपासून धर्माचं राज्य होतं' हे वाक्य मॅसॅच्युसेट्सपुरतं खरंच आहे. मग त्या राज्यात काय घडलं तेही वाचावं. १६५१ साली ओबेडाया होम्स या बाप्टिस्टाला बॉस्टनमध्ये जाहीरपणे तीस फटके मारले. १६६० साली मेरी डायर या क्वेकर स्त्रीला फाशी दिली, कारण हद्दपार करूनही ती परत येत राहिली. मारणारे ख्रिस्ती, मार खाणारेही ख्रिस्ती. रॉजर विल्यम्स या पाळकाला १६३५ मध्ये हद्दपारीची शिक्षा झाली. थंडीच्या दिवसांत तो पळाला आणि १६३६ साली त्याने प्रॉव्हिडन्स वसवलं. तिथे कुणाच्याही देवावर सरकारचा पहारा नव्हता. जेफरसनच्या दीडशे वर्षं आधी, १६४४ साली, विल्यम्सने चर्चच्या बागेभोवतीच्या भिंतीची उपमा वापरली होती. त्याची काळजी मात्र जेफरसनपेक्षा वेगळी होती. भिंत पडली की बाहेरचं रान बागेत शिरेल, बाग रानाला बदलणार नाही, ही त्याची भीती. सरकारपासून धर्माला वाचवायचं आहे, हे तो माणूस सतराव्या शतकात बोलून गेला. मला व्यक्तिशः जेफरसनपेक्षा हा विल्यम्स जास्त आवडतो. जेफरसनला धर्म थोडा बाजूला ठेवायचा होता. विल्यम्सला तो शुद्ध ठेवायचा होता, आणि त्यासाठी त्याने घरदार सोडलं.

इथे आपल्याकडचा एक धागा सहज जोडता येतो. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. पुढे ज्याला अमेरिकन मराठी मिशन म्हणून आपण ओळखतो, त्याची ही सुरुवात. त्यांना पाठवणारी संस्था तीन वर्षांपूर्वी मॅसॅच्युसेट्समध्येच स्थापन झाली होती, आणि ती मुख्यतः काँग्रिगेशनल मंडळींची होती. ज्या पंथाच्या पाळकांसाठी तिकडे सरकार कर वसूल करत होतं, त्याच पंथाची माणसं मुंबईत आली तेव्हा कंपनी सरकारने त्यांना परत जायचा हुकूम दिला. धर्म सरकारच्या मांडीवर बसलेला असतो तेव्हा कसा दिसतो आणि सरकारच्या दारात उभा असतो तेव्हा कसा दिसतो, हे एकाच पंथाने एकाच काळात दोन्ही टोकांना अनुभवलं. मॅसॅच्युसेट्सने आपला चर्च-कर १८३३ साली रद्द केला. तोवर इकडे अहमदनगरला मिशनचं काम सुरू झालं होतं.

इतिहासाच्या वर्गात दुसरा धक्का बसतो तो 'प्राचीन परंपरां'चं वय बघून. १७८७ च्या राज्यघटनेच्या कलमांत देवाचं नाव कुठेही नाही. उलट सरकारी पदासाठी कुठलीही धर्मपरीक्षा घेता येणार नाही, असं सहाव्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे. देवाचं नाव घटनेत घातलं ते १८६१ साली गुलामगिरी टिकवायला फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांनी, आपल्या नव्या घटनेत. शाळेत मुलं रोज सकाळी म्हणतात ती राष्ट्रध्वजाची प्रतिज्ञा १८९२ साली फ्रान्सिस बेलामी यांनी लिहिली. बेलामी बाप्टिस्ट पाळक आणि ख्रिस्ती समाजवादी. त्यांच्या प्रतिज्ञेत देव नव्हता. तो १९५४ साली संसदेने घातला, सोव्हिएत रशियाच्या 'देवहीन साम्यवादा'ला उत्तर म्हणून. 'देवावर आमचा भरवसा आहे' हे राष्ट्रीय ब्रीदवाक्य झालं १९५६ साली. नाण्यावर ते यादवी युद्धात, १८६४ मध्ये आलं होतं, पण कागदी नोटांवर १९५७ पासून. म्हणजे ज्याला अनादी वारसा समजून लोक छातीशी धरतात, त्यातला बराचसा त्यांच्या आईवडिलांच्या लग्नाच्या आसपासचा आहे. इतिहासकार केव्हिन क्रूझ यांनी तर दाखवून दिलं आहे की रूझवेल्ट यांच्या लोककल्याणाच्या धोरणांना वैतागलेल्या उद्योगपतींनीही 'देवाखालचं राष्ट्र' या कल्पनेला बरंच पाणी घातलं.

गोऱ्या मंडळींच्या चर्चमध्ये हे सगळं नवं शिक्षण म्हणून येतं. काळ्या चर्चना ते शिकवायला कुणी यावं लागत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्जेस मेथडिस्ट चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या काळ्या सभासदांना तिथून उठवण्यात आलं. रिचर्ड अ‍ॅलन आणि त्यांचे सोबती बाहेर पडले, आणि त्यातून १८१६ साली आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च उभं राहिलं. फ्रेडरिक डग्लस गुलामीतून पळाले आणि १८४५ साली आत्मचरित्र लिहिताना त्यांनी शेवटी एक पुरवणी जोडली. ख्रिस्ताचा धर्म आणि या देशात चालणारा धर्म या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं त्यांनी त्यात बजावलं. त्याच वर्षी, १८४५ मध्ये, गुलाममालकांना मिशनरी म्हणून पाठवता यावं या वादातून दक्षिणेतले बाप्टिस्ट फुटले आणि त्यांनी आपलं वेगळं संमेलन स्थापन केलं. त्याबद्दलची जाहीर माफी आली १९९५ साली, बरोबर दीडशे वर्षांनी. १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून किंग यांनी लिहिलेलं प्रसिद्ध पत्र कुणा वर्णद्वेषी पुढाऱ्याला लिहिलेलं नव्हतं. ते होतं 'जरा धीराने घ्या' असं सांगणाऱ्या आठ सभ्य गोऱ्या धर्मगुरूंना. अभ्यासमंडळाने एकच गोष्ट वाचायची म्हटली तर ते पत्र वाचावं, कारण त्यात वाचणाऱ्याला स्वतःचा चेहरा दिसायची शक्यता सर्वांत जास्त.

जर्मनीचा धडाही अमेरिकन चर्चमध्ये खूप शिकवला जातो, आणि बऱ्याचदा अर्धा शिकवला जातो. १९३३ च्या जुलैत प्रोटेस्टंट चर्चच्या निवडणुका 'जर्मन ख्रिस्ती' नावाच्या नाझीधार्जिण्या गटाने जिंकल्या. नोव्हेंबरात बर्लिनच्या स्पोर्टपालास्टमध्ये त्यांची प्रचंड सभा झाली. जुना करार यहुद्यांचा आहे, तो काढून टाका, अशी मागणी तिथे व्यासपीठावरून झाली. अनेक भाविकांचे डोळे उघडले ते त्या दिवशी. १९३४ च्या मे महिन्यात बार्मेनमध्ये ल्यूथरन आणि रिफॉर्म्ड मंडळींचे १३९ प्रतिनिधी जमले आणि त्यांनी सहा कलमांचा जाहीरनामा काढला. तो मुख्यतः धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्ट यांच्या लेखणीतला. चर्चचा धनी एकच, आणि तो कुणी राष्ट्रनेता नव्हे, हे त्याचं सार. अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन चर्चने १९६७ मध्ये तो आपल्या अधिकृत श्रद्धालेखांच्या संग्रहात घेतला. इथपर्यंत गोष्ट अभिमानाची. उरलेली अर्धी अशी की त्या सहा कलमांत यहुद्यांच्या छळाबद्दल एक शब्द नाही. चर्चने आपलं घर वाचवायचा विचार केला, शेजाऱ्याच्या घराला आग लागलेली असताना. बार्ट यांनी उतारवयात ही चूक स्वतः कबूल केली. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाविरुद्ध १९८२ साली तयार झालेला आणि १९८६ मध्ये स्वीकारलेला बेलहार जाहीरनामा त्या मानाने सरळ अन्यायग्रस्ताच्या बाजूला उभा राहतो. तोही प्रेस्बिटेरियनांनी आपल्या संग्रहात घेतला, पण २०१६ मध्ये.

आता अलीकडचं. २०१९ च्या जुलैत 'ख्रिस्ती राष्ट्रवादाविरुद्ध ख्रिस्ती' ही मोहीम सुरू झाली. तिच्यामागे होती बाप्टिस्टांची जुनी संयुक्त समिती, आणि पुढे होत्या त्या समितीच्या प्रमुख अमांडा टायलर. त्या टेक्सासच्या, वकील आणि आयुष्यभराच्या बाप्टिस्ट. लेलंड आणि विल्यम्स यांची ही थेट वारस म्हणावी. मोहिमेच्या निवेदनावर हजारो लोकांनी सह्या केल्या, मंडळींसाठी चर्चेचे अभ्यासक्रम तयार झाले. मग ६ जानेवारी २०२१ उजाडला. संसदेवर चालून गेलेल्या जमावात क्रूस होते, येशूच्या नावाचे फलक होते, आणि सिनेटच्या सभागृहात घुसलेल्यांनी तिथे मोठ्याने प्रार्थनाही केली. एप्रिलमध्ये चर्चेसच्या राष्ट्रीय परिषदेने या विचाराच्या धोक्यांवर निवेदन काढलं. पुढच्या फेब्रुवारीत बाप्टिस्ट समितीने ६ जानेवारीतल्या ख्रिस्ती राष्ट्रवादाच्या वाट्यावर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. तो कुणाबरोबर? धर्मापासून मुक्ती मागणाऱ्या नास्तिकांच्या एका संस्थेबरोबर. चीज घेऊन जेफरसनकडे जाणाऱ्या लेलंडला हे पाहून मुळीच आश्चर्य वाटलं नसतं.

निवेदनांबद्दल मला मात्र फारसं कौतुक नाही. निवेदन स्वस्त असतं. ते आधीच पटलेल्यांपर्यंत पोहोचतं, आणि ज्या पाळकाचा पगार बाकांवर बसलेल्यांच्या वर्गणीतून येतो, त्याला रविवारी सकाळी त्याचा काही आधार होत नाही. खरी परीक्षा लहान गोष्टींत होते, आणि त्यातली सर्वांत अवघड लहान गोष्ट म्हणजे वेदीजवळचा झेंडा. अमेरिकेतल्या असंख्य चर्चमध्ये उपासनेच्या जागी राष्ट्रध्वज असतो. दुसऱ्या बाजूला पांढरा, निळ्या कोपऱ्यात लाल क्रूस असलेला 'ख्रिस्ती ध्वज', ज्याची कल्पना १८९७ साली न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवरच्या एका रविवारच्या शाळेत निघाली. राष्ट्रध्वज चर्चमध्ये शिरले ते मुख्यतः दोन महायुद्धांच्या काळात. ध्वजसंहितेप्रमाणे चर्चमध्येही राष्ट्रध्वजाला मानाची जागा, म्हणजे बोलणाऱ्याच्या उजव्या हाताला, द्यायची असते. मग क्रूसाचा ध्वज कुठे राहिला? दुय्यम जागी. हा साधा प्रश्न अभ्यासमंडळात विचारला की लोक प्रथमच वर मान करून आपल्याच वेदीकडे बघतात.

पण झेंडा एका रात्रीत उचलून कोठीत ठेवणारा पाळक मूर्खच म्हणायला हवा. तो झेंडा कुणी तरी दिलेला असतो, बहुधा युद्धात गेलेल्या मुलाच्या आठवणीसाठी. ज्यांनी हे नीट केलं, त्यांनी आधी ऐकून घेतलं. झेंडा कधी आला, कुणी आणला, त्या वेळी काय चाललं होतं. मग परदेशातून आलेला एखादा विश्वासू या खोलीत पहिल्यांदा पाऊल टाकतो तेव्हा त्याला काय दिसतं, हे विचारलं. काही मंडळींनी झेंडा चर्चच्या सभागृहात, सैनिकांच्या नावांच्या फळीशेजारी नेला. काहींनी तो तिथेच ठेवला, पण का ठेवतो आहोत हे त्यांना आता माहीत होतं. वर्षभर लागलं तरी हरकत नाही, असा हा मामला आहे.

कायद्याच्या मैदानात मात्र वर्षभर थांबून चालत नाही. जून २०२४ मध्ये लुइझियाना राज्याने प्रत्येक सरकारी शाळेच्या प्रत्येक वर्गात दहा आज्ञांचा फलक लावायचा कायदा केला. फलक किमान ११ बाय १४ इंचांचा, अक्षरं मोठी. केंटकीचा असाच कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये रद्द केला होता, तरीही. २०२५ मध्ये आर्कान्सा आणि टेक्सास त्याच वाटेने गेले. खटले भरणाऱ्यांत पाळक होते, रब्बी होते, ख्रिस्ती आणि यहुदी आईबाप होते, आणि टेक्सासच्या खटल्यात हिंदू कुटुंबही.

पाळकांनी दहा आज्ञांना विरोध का करावा? कारण 'दहा आज्ञा' नावाचा एकच मजकूर अस्तित्वात नाही, हे त्यांना पक्कं माहीत असतं. यहुदी परंपरेत पहिलं वचन म्हणजे देवाने स्वतःची करून दिलेली ओळख आहे. कॅथॉलिक आणि ल्यूथरन लोक मूर्तींचा निषेध पहिल्या आज्ञेत धरतात आणि लोभाच्या शेवटच्या आज्ञेच्या दोन करतात. इतर प्रोटेस्टंट मूर्तींची आज्ञा वेगळी मोजतात. फलकावर कुठला तरी एक पाठ लावायचा, म्हणजे सरकारने या जुन्या वादात पंच व्हायचं. लुइझियानाने निवडलेला पाठ टेक्सास विधानभवनाच्या आवारातल्या शिळेवरचा. तशा शिळा ईगल्स नावाच्या एका बंधुमंडळाने १९५० नंतर देशभर वाटल्या, आणि त्या कामाला 'द टेन कमांडमेंट्स' चित्रपटाचे दिग्दर्शक सेसिल बी. डमिल यांचा हातभार होता. सीनाय पर्वतावरून निघालेला मजकूर शाळेच्या भिंतीवर पोहोचताना हॉलिवूडमध्ये थांबून आला, असं म्हणायला हरकत नाही.

शाळेत कुणाचं शास्त्र वाचायचं यावरून रक्त सांडल्याचीही आठवण आहे. १८४४ साली फिलाडेल्फियात, प्रोटेस्टंटांचं किंग जेम्स भाषांतर कॅथॉलिक मुलांवर लादण्याच्या वादात दंगली झाल्या, चर्च जाळली गेली, माणसं मेली. तेव्हा 'पाहुणे' होते आयर्लंडहून आलेले कॅथॉलिक. आज त्या जागी इतर आहेत. १२ जुलै २००७ रोजी अमेरिकेच्या सिनेटमध्ये पहिल्यांदा हिंदू प्रार्थना झाली, तेव्हा प्रेक्षागृहातून ख्रिस्ती निदर्शकांनी आरडाओरडा करून ती थांबवायचा प्रयत्न केला. टेक्सासच्या शुगर लँडमध्ये २०२४ साली उभारलेल्या नव्वद फुटी हनुमानाच्या मूर्तीवरून पुढच्या वर्षी एका राजकीय उमेदवाराने हा देश ख्रिस्ती आहे, इथे असला खोटा देव कशाला, असं जाहीरपणे विचारलं. त्या राज्यात मराठी घरं कमी नाहीत.

त्याच टेक्सासची एक गोष्ट मात्र मला या सगळ्यात सर्वांत बोलकी वाटते. २०२३ साली राज्याने सरकारी शाळांना समुपदेशनाच्या कामासाठी चॅपलन, म्हणजे धर्मसेवक, नेमायची मुभा दिली. त्यासाठी शिक्षणाची किंवा प्रमाणपत्राची अट ठेवली नाही. याला सर्वांत ठाम विरोध कुणी केला? चॅपलननीच. रुग्णालयांत, तुरुंगांत, सैन्यात मरणाऱ्या माणसाच्या उशाशी बसणाऱ्या शंभराहून अधिक जणांनी पत्रावर सह्या केल्या. आमच्या कामाला वर्षांचं शिक्षण लागतं, आणि ज्याने आम्हाला बोलावलं नाही त्या मुलापाशी धर्म घेऊन जाणं हे आमचं काम नव्हे, असा त्यांचा सूर. प्रत्येक शाळा-जिल्ह्याला यावर मतदान करावंच लागणार होतं. राज्यातल्या बहुतेक मोठ्या जिल्ह्यांनी नकार दिला. तिथे घटनातज्ज्ञांच्या भाषणांपेक्षा गावातल्या ओळखीच्या धर्मसेवकाचा शब्द जड पडला असावा, असा माझा अंदाज आहे.

तेव्हा तुमचं कुणी टेक्सासात किंवा लुइझियानात असेल, आणि मुलीच्या वर्गात फलक लागला म्हणून रात्री फोन करत असेल, तर त्याला दोन गोष्टी सांगा. एक, घाबरून पोरीची शाळा बदलू नकोस. दुसरी, रविवारी दुपारी शेजारच्या चर्चचं दार वाजव आणि पाळकांना भेटायची वेळ माग. विरोधाच्या पत्रावर त्यांची सही आधीच झालेली असेलही.